संगणकाचा पडदा आणि कार्डांचीं कुलुपें

घर विकणाऱ्यानें किल्ली आपल्याच खिशांत ठेवली, आणि "दार आमचाच ठरलेला माणूस उघडून देईल, दुसऱ्या कोणाला तें कसें उघडतें हें आम्हीं सांगणार नाहीं," असें बजावलें, तर घेणाऱ्याला काय वाटेल? घराच्या बाबतींत असा व्यवहार कोणी ऐकूनहि घेणार नाहीं. परंतु १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत घरीं संगणक आणणाऱ्या पुष्कळ लोकांच्या वाट्याला नेमकी हीच स्थिति आली होती, आणि बहुतेकांना तिचा पत्ताहि नव्हता. संगणकाच्या पेटींत एक ग्राफिक्स कार्ड असे. पडद्यावर जें जें दिसतें तें तें उमटविण्याचें काम त्याचें. त्या कार्डाला आज्ञा कशा द्यावयाच्या, हें मात्र तें बनविणाऱ्या कंपनीलाच ठाऊक. आणि कित्येक कंपन्या तें सांगावयास तयार नसत. मुक्त युनिक्स प्रणालींवर चित्र उमटविण्यासाठीं ज्या थोड्या लोकांनीं या कार्डांशीं झुंज घेतली, त्यांची ही हकीकत आहे.

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मली. बरींच वर्षें ती विद्यापीठांच्या व मोठ्या संस्थांच्या यंत्रांवर चाले, आणि तिच्याशीं माणसाचा व्यवहार अक्षरांतूनच होई. आज्ञा टंकावी, उत्तर वाचावें. खिडक्या, चित्रें, माऊस हा सारा संसार मागाहूनचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनीं १९८४ मध्यें 'एक्स' नांवाची खिडक्यांची व्यवस्था रचावयास घेतली. तिची अकरावी आवृत्ति १९८७ च्या सप्टेंबरांत बाहेर पडली, आणि तीच, पुष्कळ डागडुजी होऊन, पुढें चालत आली. एक्समागचा विचार साधा आहे. पंगतींत वाढप्यानें वाढावें, जेवणाऱ्यानें उठून पातेल्यांत हात घालूं नये, तसा. पडदा, कळफलक आणि माऊस यांचा ताबा 'एक्स सर्व्हर' नांवाच्या एकाच आज्ञावलीकडे. बाकीच्यांनीं तिला सांगावयाचें कीं येथें रेघ ओढ, तेथें अक्षर काढ. म्हणजे प्रत्यक्ष कार्डाशीं बोलण्याचा प्रसंग एकट्या सर्व्हरवर येतो.

सन, डिजिटल अशा कंपन्यांना यांत अडचण नव्हती. यंत्र त्यांचें, पडदा त्यांचा, पडद्यामागचें कार्डहि त्यांचेंच. आपल्याच घरांतील माणसाशीं बोलावयास दुभाषा कशाला?

घरगुती संगणकाची गोष्ट निराळी. १९८१ सालीं आयबीएमनें काढलेला पीसी असा होता कीं त्याच्या खांचेंत कोणाचेंहि कार्ड बसावें. १९८७ सालीं त्याच कंपनीनें व्हीजीए ही चित्रपद्धति बाजारांत आणली. आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके, व त्यांत सोळा रंग. इतर कारखान्यांनीं तिची हुबेहूब नक्कल केली. तेथवर सर्व सुरळीत होतें. पण ग्राहकाला आणखी ठिपके व आणखी रंग हवेसे झाले, आणि ते देतांना प्रत्येक कारखानदार आपापल्या वाटेनें गेला. त्सेंग लॅब्ज, ट्रायडंट, सिरस लॉजिक, एटीआय, एस-थ्री. व्हीजीएच्या पलीकडलें प्रत्येकाचें व्याकरण वेगळें. बाहेरून सर्वांना 'सुपर व्हीजीए' असें एकच नांव, आंत मात्र कोसाकोसाला भाषा बदलावी तसा प्रकार. कार्डाबरोबर खोक्यांत एक फ्लॉपी येई, आणि तींत विंडोजपुरता दुभाषा तयार असे. अशा दुभाषालाच 'ड्रायव्हर' म्हणतात. युनिक्सवाल्यासाठीं त्या खोक्यांत कांहींच नसे.

मुक्त युनिक्स अवतरलें तें याच काळांत. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा लिहिला. १९९२ मध्यें विल्यम व लिन जोलिट्झ या अमेरिकन दांपत्यानें बर्कलीच्या युनिक्सवरून ३८६बीएसडी तयार केलें, आणि १९९३ मध्यें त्यांतून नेटबीएसडी व फ्रीबीएसडी या दोन शाखा फुटल्या. या प्रणाली कोणीहि घ्याव्या, वाचाव्या, बदलाव्या, दुसऱ्यास द्याव्या. परंतु काळ्या पडद्यावर नुसतीं अक्षरें दाखविणारी प्रणाली, ती कितीहि मोलाची असो, पाहणाऱ्याला गरीबच वाटणार. शेजारच्या विंडोजच्या यंत्रावर रंगीत खिडक्या उघडत असतांना तर अधिकच.

सुदैवानें पहिली पायरी आधींच रचलेली होती. म्यूनिकच्या थॉमस रोएल यानें इंटेलच्या ३८६ जातीच्या संगणकांसाठीं एक एक्स सर्व्हर लिहिला होता. त्याला एक्स३८६ म्हणत. १९९१ सालीं निघालेल्या एक्सच्या अधिकृत संचांत त्याचा समावेश झाला. पण त्यांत दोष राहिले होते, आणि ज्याला ज्याला ते जाचत तो तो आपापल्या घरीं ठिगळें लावी. डेव्हिड वेक्सलब्लॅट, ग्लेन लाय, डेव्हिड डॉज आणि जिम त्सिलास या चौघांनीं १९९२ मध्यें आपापलीं ठिगळें एकत्र करून एकच वस्त्र शिवावयाचें ठरविलें. रोएलचें स्वतःचें काम तोंपर्यंत विक्रीच्या मालाकडे वळलें होतें आणि एक्स३८६ हें नांव त्या मालालाहि होतें. घोटाळा टळावा म्हणून चौघांनीं आपल्या संचाचें नांव बदलून एक्सफ्री८६ असें ठेवलें. 'थ्री' च्या जागीं 'फ्री'. इंग्रजी उच्चारावरील ही एक कोटी आहे, आणि तींतच त्या संचाचा धर्महि सांगितला गेला आहे.

लिनक्सवर एक्स प्रथम चालविलें तें ओरेस्ट झ्बोरोव्स्की यानें, १९९२ सालीं. एक्स सर्व्हर आणि त्याचीं गिऱ्हाइकें यांच्यांत निरोपांची ने-आण व्हावी लागते. त्यासाठीं युनिक्समध्यें 'सॉकेट' नांवाची सोय असते, आणि लिनक्समध्यें ती तेव्हां नव्हती. झ्बोरोव्स्कीनें ती सोयच मुळांत बांधून दिली, व मग वर एक्स चढविलें. तें पाहून टोरव्हाल्ड्सला इतका धीर आला कीं ०.१२ या आवृत्तीनंतर त्यानें एकदम ०.९५ हा आंकडा लावला. जणूं मुक्काम पांच पावलांवर राहिला होता. प्रत्यक्षांत १.० ही आवृत्ति निघावयास १९९४ चा मार्च उजाडला. उत्साहाच्या भरांत मैलाचे दगड मोजतांना चूक होते ती ही.

आतां कार्डाशीं बोलणें म्हणजे काय, तें पाहूं. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग कार्डाच्या स्वतःच्या स्मृतींत एका आंकड्याच्या रूपानें लिहिलेला असतो. रंग २५६ ठेवले तर दर ठिपक्यास एक बाईट लागतो. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचें चित्र म्हणजे ७,८६,४३२ बाईट. अडचण अशी कीं जुन्या पीसीच्या रचनेंत कार्डाच्या स्मृतींत डोकावण्यासाठीं संगणकाला एक लहानसा झरोकाच ठेवलेला होता, ६४ किलोबाईटांचा; म्हणजे ६५,५३६ बाईटांचा. भागाकार करून पाहणाऱ्यास दिसेल कीं तें चित्र बरोबर बारा झरोक्यांइतकें होतें. वाड्याच्या भिंतीला एकच खिडकी, आणि आंत बारा खोल्या. हव्या त्या खोलीपुढें ती खिडकी सरकवावी लागे, आणि ती कशी सरकवावयाची हें दर कंपनीचें वेगळें.

त्सेंग लॅब्जच्या ईटी४००० या चिपेचें उदाहरण घेण्यासारखें आहे. तिच्यांत खिडकी सरकविण्याचा कप्पा एकच होता. त्याच्या अर्ध्या भागांत लिहावयाच्या खोलीचा क्रमांक टाकावयाचा, आणि उरलेल्या अर्ध्यांत वाचावयाच्या खोलीचा. प्रत्येक अर्ध्यांत सोळापर्यंत क्रमांक मावत, म्हणून एक मेगाबाईट स्मृति त्यानें हाताळतां येई. रचना नेटकी होती. मात्र तिच्या खास कप्प्यांना कुलूप असे. एका ठराविक दारावर ३ हा आंकडा लिहावयाचा, लगेच दुसऱ्या एका दारावर १६० लिहावयाचा, मग कुलूप उघडावयाचें. सिरस लॉजिकच्या चिपांत एका कप्प्यांत १८ लिहिल्याशिवाय दार उघडत नसे. एस-थ्रीच्या चिपांना दोन किल्ल्या लागत, ७२ आणि १६५, दोन वेगळ्या कप्प्यांत. हीं कुलुपें सर्वच दुष्टपणानें घातलेलीं नव्हतीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. व्हीजीएसाठीं लिहिलेल्या एखाद्या जुन्या आज्ञावलीचा हात चुकून नव्या कप्प्यांवर पडूं नये व चित्र बिघडूं नये, हा त्यांचा खरा उद्देश. दाराला कडी घालण्यांत दोष नाहीं. कडी कोठें आहे तें घरमालकापासून लपविण्यांत आहे.

त्सेंगच्या चिपेची माहितीपुस्तिका मिळूं शके, आणि आरंभींच्या लिनक्सवाल्यांत ईटी४००० ची कार्डें आवडतीं होण्याचें एक कारण तेंच होतें. जेथें पुस्तिका नव्हती तेथें चोरवाटा शोधाव्या लागत. कार्डावर एक लहानशी कायमची आज्ञावली असते, तिला बायॉस म्हणतात. ती उकलून वाचावयाची. किंवा डॉसमध्यें कार्डाकडून एक चित्रप्रकार लावून घ्यावयाचा, सर्व कप्प्यांतील आंकडे टिपून ठेवावयाचे, मग दुसरा प्रकार लावून पुन्हां टिपावयाचे, आणि कोठें फरक पडला तें पाहावयाचें. मोडी न शिकलेल्या माणसानें जुन्या दप्तरांतील दोन पत्रें शेजारीं ठेवून अक्षरें लावीत बसावें, तशांतला हा उद्योग. एकाला जें सांपडे तें तो इतरांस सांगे. रिचर्ड फेरारो यांचें या कार्डांवरील जाडजूड इंग्रजी पुस्तक अशा लोकांच्या टेबलावर उघडें पडलेलें असे.

येथें कोणी विचारील कीं बायॉसला सर्व ठाऊक आहे, तर बायॉसलाच काम कां सांगूं नये? व्हेसा नांवाच्या संघटनेनें, जिची स्थापना १९८९ मध्यें झाली, तसा एक समान करारहि ठरवून दिला होता. प्रश्न योग्य आहे, पण बायॉस १६ बिटांच्या जुन्या पद्धतीनें लिहिलेली, आणि युनिक्स चाले तें ३२ बिटांच्या संरक्षित पद्धतींत. एकीच्या घरांतून दुसरीला सरळ हांक मारतां येत नसे. पुढें त्यावरहि युक्ति निघाली. परंतु आरंभींच्या वर्षांत प्रत्येक चिपेसाठीं ड्रायव्हर हातानेंच लिहावा लागला.

कोणती चिप आहे हें ओळखणें हेंहि एक कामच होतें. खोक्यावर विकणाऱ्याचें नांव असे, चिपेचें नसे. आणि तेंच नांव ठेवून आंतील चिप बदलल्याचीहि उदाहरणें होतीं. वेक्सलब्लॅट यांनीं त्यासाठीं 'सुपरप्रोब' नांवाची आज्ञावली लिहिली. ती निरनिराळ्या दारांवर टकटक करी, आणि आंतून येणाऱ्या उत्तरावरून चिप कोणाची तें ताडी. पण भलत्या दारावर टकटक झाली तर सबंध यंत्रच गोठून बसण्याचा संभव असे.

एवढ्यानें भागत नव्हतें. खरी जोखीम पुढें होती, आणि ती कार्डाची नसून मॉनिटरची होती. काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरांत इलेक्ट्रॉनांचा एक झोत पडद्याच्या आंतील बाजूवर ओळीमागून ओळ फिरे. शेतकऱ्याचा नांगर तासाच्या शेवटीं वळून उलट येतो, तसें मात्र नव्हे. हा झोत दर ओळीच्या शेवटीं विझून मोकळाच डावीकडे परत येई, आणि मग पुढची ओळ धरी. या परतीला वेळ लागतो. म्हणून ६४० ठिपक्यांच्या ओळीला ८०० ठिपक्यांचा वेळ द्यावा लागे, आणि ४८० ओळींच्या चित्राला ५२५ ओळींचा. कार्डावरील घड्याळ व्हीजीएसाठीं सेकंदाला २,५१,७५,००० ठोके देई, व प्रत्येक ठोक्यास एक ठिपका पुढें सरके. त्या आंकड्याला ८०० नें भागलें कीं सेकंदाला सुमारें ३१,४७० ओळी येतात. त्यांस ५२५ नें भागलें कीं सेकंदाला सुमारें ६० चित्रें. १०२४ गुणिले ७६८ च्या चित्राला ओळ १३४४ ची, चित्र ८०६ ओळींचें आणि ठोके साडेसहा कोटी लागतात. भागून पाहिल्यास ओळी सुमारें ४८,३६० आणि चित्रें पुन्हां ६०. प्राथमिक शाळेंतील भागाकारापलीकडे यांत कांहीं नाहीं.

एक्सफ्री८६ वापरणाऱ्यानें हा भागाकार स्वतः करून त्याचे आंकडे एका फाईलींत लिहावयाचे असत. दर चित्रप्रकारासाठीं एक ओळ, आणि तिच्यांत नऊ आंकडे. पहिला घड्याळाचा, पुढचे चार आडवे, त्यापुढचे चार उभे. व्हीजीएचे आडवे चार आंकडे ६४०, ६५६, ७५२ आणि ८०० असे होते. ६४० ला चित्र संपलें. ६५६ ला 'आतां परत फीर' हा इशारा सुरू झाला. ७५२ ला इशारा थांबला. ८०० ला ओळ पुरी झाली. मधला आंकडा थोडा इकडेतिकडे केला कीं सगळें चित्र पडद्यावर डावी-उजवीकडे सरके. हें जमलें म्हणजे मोठी मौज वाटे. पण जुन्या मॉनिटरांतील पुष्कळसे एकाच गतीचे होते. सेकंदाला साडेएकतीस हजार ओळींसाठीं बांधलेल्या मॉनिटराला कोणी अठ्ठेचाळीस हजारांचा इशारा दिला, तर झोत फिरविणारें त्याचें मंडळ तापे. चांगल्या मॉनिटरावर चित्र नुसतें फाटून दिसे. निकृष्ट मॉनिटर कायमचा जाई. मॉनिटर ही त्या काळीं संगणकांतील महाग वस्तूंपैकीं एक होती. म्हणून एक्सफ्री८६ च्या माहितींत ठळकपणें बजावलेलें असे कीं दुसऱ्याचे आंकडे डोळे मिटून उतरून घेऊं नका, मॉनिटराच्या पुस्तिकेंतील मर्यादा आधीं पाहा, आणि बिघाड झाल्यास जबाबदारी तुमची. एरिक रेमंड यांनीं या गणितावर एक स्वतंत्र मार्गदर्शिका लिहिली, ती पुष्कळांच्या उपयोगी पडली. पडद्यावर चित्र यावें म्हणून घरच्या टेबलाशीं कागद-पेन्सिल घेऊन भागाकार मांडीत बसलेला माणूस, त्याचा एक हात मॉनिटराच्या बटणाजवळ, हें त्या वर्षांचें खरें दृश्य होय.

आतां या घड्याळाचीच गोष्ट. आरंभींच्या कार्डांवर ठराविक वेगांची एक मालिका असे, आणि सर्व्हर एकेक वेग लावून चित्र पुरें होण्यास किती वेळ लागतो तें मोजून ती मालिका स्वतः शोधून काढी. पुढें हवा तो वेग ठरवून घेणारीं घड्याळें आलीं. तीं कशीं लावावयाचीं हें सांगितल्यावांचून कळण्यासारखें नव्हतें. डायमंड ही त्या वेळची नांवाजलेली कार्डकंपनी. तिचीं कार्डें वेगवान म्हणून खपत. परंतु आपल्या घड्याळाची माहिती ती कंपनी गुप्ततेच्या करारावांचून देत नसे. आणि एक्सफ्री८६ ला तर करार करणेंच अशक्य; कारण त्यांची मूळ आज्ञावली सर्वांना वाचावयास खुली. ड्रायव्हर छापला कीं गुपित फुटलें. म्हणून एक्सफ्री८६ च्या कागदपत्रांत सरळ लिहिलेलें असे कीं डायमंडचीं कार्डें चालत नाहींत, तीं घेऊं नका, आणि तक्रार कंपनीकडेच करा. कांहीं लोक आडमार्ग काढीत. घड्याळ लावण्याचें काम बाहेरच्या एखाद्या आज्ञावलीवर सोंपवितां यावें, अशी सोयहि सर्व्हरांत ठेवलेली होती.

यांत दोष कोणाचा? कंपनीच्या बाजूनें असें म्हणतां येईल कीं स्पर्धकानें नक्कल करूं नये, आणि मूठभर युनिक्सवाल्यांसाठीं जोखीम कां घ्यावी. पहिल्या कारणांत थोडें तथ्य आहे. पण घड्याळाला कोणता आंकडा द्यावा एवढ्या माहितीवरून कोणी चिप बनवूं शकत नाहीं. तें रहस्य नव्हे, रहस्याचा आव होता. पुढें युनिक्सवाले मूठभर राहिले नाहींत, तेव्हां त्या कंपनीनेंच धोरण बदललें, माहिती दिली, आणि एक्सफ्री८६ ला मदतहि केली. गिऱ्हाईक वाढलें कीं गुपितें कशीं आपोआप हलकीं होतात, याचा हा नमुना.

दरम्यान कार्डेंहि पुढें गेलीं. खिडकींतील मजकूर एक ओळ वर सरकवावयाचा तर आधीं संगणकाचा मुख्य चिपच सर्व ठिपके उचलून दुसरीकडे ठेवी. तींत लाखो बाईटांची ने-आण, तीहि जुन्या, अरुंद मार्गावरून. १९९१ सालीं निघालेल्या एस-थ्रीच्या ९११ या चिपेनें तें काम कार्डावरच करून घेतलें. 'हा चौकोन उचल आणि तेथें ठेव' एवढें सांगावें, बाकी तिनें पाहावें. आयबीएमच्या ८५१४/ए या १९८७ च्या कार्डांत ही कल्पना आधींच होती, आणि केव्हिन मार्टिन यांनीं त्या जातीच्या कार्डांसाठीं सर्व्हर लिहिला. १९९३ च्या अखेरीपर्यंत एक्सफ्री८६ मध्यें अशा गतिमान कार्डांचे स्वतंत्र सर्व्हर येऊन बसले. एस-थ्रीचा एक, एटीआयच्या माक-३२ चा एक, साध्या सुपर व्हीजीएचा आणखी एक. चुकीचा सर्व्हर बसविला कीं पडदा काळा. नवख्या माणसाचा पहिला दिवस बहुधा यांतच जाई.

चौघांच्या मंडळाला १९९४ सालीं कायदेशीर संस्था व्हावें लागलें, आणि त्याचें कारण तांत्रिक नव्हतें. एक्सची पुढील आवृत्ति ज्या संघाच्या हातीं होती, त्याच्या सभासदांनाच ती प्रसिद्धीपूर्वीं पाहावयास मिळे. आणि सभासद व्हावयास संस्था लागे, नुसतीं माणसें चालत नसत. फावल्या वेळांत रात्रीं जागून काम करणाऱ्यांना अशा रीतीनें घटना आणि संचालक मंडळ यांची झूल अंगावर घ्यावी लागली. त्याचा एक फायदा असा झाला कीं संस्थेच्या नांवानें एखाद्या कंपनीशीं बोलणें करतां येऊं लागलें. तोटा पुढें दिसला.

एका गोष्टीबद्दल या रचनेला जाणत्यांनीं तेव्हांहि नांवें ठेविलीं. युनिक्सचा नियम असा कीं यंत्राच्या अवयवांना फक्त गाभ्यानेंच हात लावावा. एक्स सर्व्हर मात्र गाभ्याबाहेरचा असून कार्डाच्या दारांवर स्वतःच लिही, आणि त्यासाठीं त्याला सर्वाधिकार द्यावे लागत. तो मध्येंच कोसळला तर कार्ड अर्धवट स्थितींत अडकून पडे. आंत प्रणाली जिवंत, पण पडदाहि नाहीं आणि कळफलकहि नाहीं. तरीहि हा मार्ग पत्करला गेला, कारण त्यामुळें एकच ड्रायव्हर लिनक्स, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी अशा सर्व प्रणालींवर चाले. ड्रायव्हर लिहिणारीं माणसें इतकीं थोडीं असतांना दुसरें काय करतां आलें असतें?

पुढची हकीकत लवकर सांगतां येते. २००० सालच्या मार्चांत एक्सफ्री८६ ची चौथी आवृत्ति निघाली. तींत निरनिराळे सर्व्हर जाऊन एकच सर्व्हर राहिला, आणि ड्रायव्हर हवा तसा जोडावयाचा झाला. मॉनिटरहि आपल्या मर्यादा आपणच कार्डाला सांगूं लागले, त्यामुळें तो भागाकार संपला. २००४ सालीं परवान्याच्या अटी बदलण्यावरून संस्थेंत फूट पडली. बहुतेक प्रणालींनीं एक्स.ऑर्ग या नव्या प्रतिष्ठानाचा संच स्वीकारला, आणि एक्सफ्री८६ ची शेवटची आवृत्ति २००८ मध्यें निघाली. त्यानंतर लगेच, २००९ सालच्या लिनक्समध्यें, चित्रप्रकार लावण्याचें काम सर्व्हरकडून काढून गाभ्याकडे देण्याचा प्रारंभ झाला. म्हणजे जुन्या टीकाकारांचें म्हणणें अखेर मान्य झालें. एटीआय विकत घेणाऱ्या एएमडीनें २००७ मध्यें आपल्या चिपांचीं माहितीपुस्तकें खुलीं करावयास सुरुवात केली. एन्व्हिडियाच्या चिपांसाठीं मात्र 'नूव्हो' नांवाच्या प्रकल्पांतील लोकांना टिपण्याचा व ताडून पाहण्याचा तोच जुना उद्योग, कितीतरी अवघड चिपांवर, वर्षानुवर्षें करावा लागला. त्या कंपनीनें गाभ्यांत बसणाऱ्या आपल्या भागाची मूळ आज्ञावली २०२२ च्या मे महिन्यांत उघड केली.

ईटी४००० चीं कार्डें आतां जुन्या वस्तू जमविणाऱ्यांच्या कपाटांत आढळतात. त्सेंग लॅब्ज ही कंपनीहि ग्राफिक्सच्या धंद्यांत उरलेली नाहीं. तिच्या चिपांचा ड्रायव्हर मात्र एक्स.ऑर्गच्या दप्तरांत अजून ठेवलेला आहे. कोणीहि तो उघडून वाचावा, आणि त्यांत त्या दोन किल्ल्या, ३ आणि १६०, जेथल्या तेथें सांपडतात.